रात्रीचा मनगटपट्टा: कार्पल टनल सिंड्रोमच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

कार्पल टनल सिंड्रोमच्या, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात चेता दबून हाताला मुंग्या येण्याच्या विकाराच्या, रुग्णाला ‘रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपा’ असे सांगितले की सल्ला एका वाक्यात संपतो. परंतु त्या पट्ट्यातली धातूची पट्टी किती अंशांत वाकलेली आहे, बंद किती आवळले आहेत आणि पट्टा पहाटेपर्यंत हातावर राहतो की नाही, हे कोणी पाहिलेले नसेल तर उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाला असे म्हणता येत नाही. येथे मांडलेल्या प्रकरणात पट्टा सुरुवातीला निरुपयोगी वाटला, थोड्या दुरुस्तीनंतर त्याच पट्ट्याने रुग्णाला रात्रीची झोप परत मिळवून दिली आणि तरीही पुढे दोन्ही हातांची वाटचाल वेगवेगळी झाली. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण सत्तेचाळीस वर्षांच्या, उजवखोऱ्या आणि कपडे बेतण्याचा व शिवण्याचा व्यवसाय करणाऱ्या होत्या. दिवसातला बराच वेळ त्यांच्या हातात कात्री असे आणि उरलेला वेळ कापड यंत्राखाली सरकवण्यात जाई. काही महिन्यांपासून मध्यरात्रीनंतर हाताला मुंग्या येऊन त्यांना जाग येत होती. उठून बसायचे, हात खाली सोडून जोराने झटकायचा, मुंग्या ओसरल्या की पुन्हा आडवे व्हायचे आणि तास-दीड तासाने पुन्हा उठायचे, असे आठवड्यातल्या बहुतेक रात्री घडत होते. त्रास उजव्या हाताला अधिक आणि डाव्या हाताला कमी होता. आमच्याकडे येण्यापूर्वी या तक्रारींचे मूळ मानेत असावे असे गृहीत धरून त्यांनी मानेचे व्यायाम केले होते आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घेतल्या होत्या. या उपायांनी रात्री येणारी जाग काहीही कमी झाली नव्हती.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूला छोट्या हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला जाड आडवा स्नायुबंध यांमध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नर्व्ह ही चेता जाते. भोवतीच्या कंडरांवरील आवरण सुजले किंवा मनगट वाकून बोगद्यातला दाब वाढला, तर सर्वांत आधी झळ बसते ती या चेतेला. रात्रीचाच त्रास जास्त का, याचे उत्तरही येथेच आहे. झोपेत बहुतेकांचे मनगट नकळत वाकते आणि तासन्‌तास तसेच राहते. शिवाय आडवे पडल्यावर हातातील द्रव जागेपणी जसा खाली उतरतो तसा उतरत नाही. वाढलेल्या दाबामुळे चेतेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या दबतात आणि मुंग्या येतात. हात झटकल्यावर बरे वाटते, कारण मनगट सरळ होते आणि रक्तप्रवाह पुन्हा सुरळीत होतो.

समस्या आणि निदान

पहिल्या भेटीत ‘मुंग्या नेमक्या कुठे येतात ते या चित्रावर रंगवून दाखवा’ असे सांगून हाताची आकृती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू रंगवली. करंगळी पूर्ण सोडली, आणि तळहाताचा अंगठ्याखालचा भागही कोरा ठेवला. हे शेवटचे निरीक्षण महत्त्वाचे होते. तळहाताच्या त्या भागाला संवेदना पुरवणारी शाखा बोगद्यात शिरण्यापूर्वीच चेतेपासून वेगळी होते, त्यामुळे कार्पल टनल सिंड्रोममध्ये तो भाग सहसा बधिर होत नाही. मानेतील सहावी चेता दबली तरी अंगठा आणि तर्जनी बधिर होऊ शकते. म्हणून मानेच्या हालचाली, दंडाची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. त्यांत दोष आढळला नाही.

दोन्ही मनगटे पूर्ण वाकवून मिनिटभर धरण्याच्या फॅलेन चाचणीत उजव्या हाताला अर्ध्या मिनिटाच्या आतच मुंग्या आल्या. बोगद्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट स्थिर दाब दिला तेव्हाही तेच घडले. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दोन्ही हातांत सारखाच भरलेला होता, आणि अंगठा तळहातापासून काटकोनात उचलून धरण्याची ताकद चांगली होती. चेतेतून विद्युत संदेश कसा जातो हे मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये उजव्या हाताच्या संवेदना-तंतूंतील संदेश मनगटापाशी मंदावलेला होता आणि अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचण्यासही थोडा अधिक वेळ लागत होता. संदेशाची उंची, म्हणजे त्याची तीव्रता, मात्र टिकून होती, म्हणजे तंतूंची मोठी हानी झालेली नव्हती. डाव्या हातात दोष सौम्य आणि फक्त संवेदना-तंतूंपुरता होता. मधुमेह आणि थायरॉइड यांच्या रक्ततपासण्या सामान्य आल्या. या दोन्ही विकारांत कार्पल टनल सिंड्रोमचे प्रमाण अधिक असते आणि मूळ आजारावर उपचार न करता नुसता पट्टा बांधणे अपुरे ठरते, म्हणून त्या तपासण्या टाळता येण्यासारख्या नव्हत्या.

निदान असे ठरले: उजव्या हाताला मध्यम आणि डाव्या हाताला सौम्य कार्पल टनल सिंड्रोम, सतत बधिरपणा नाही, स्नायू झिजलेले नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करता वाट पाहणे हा पर्याय लवकर बाजूला पडला. सौम्य त्रास काहींच्या बाबतीत आपोआप ओसरतो, विशेषतः गर्भारपणात उद्भवलेला त्रास बाळंतपणानंतर पुष्कळदा जातो. पण या रुग्णाची झोप महिनोन्‌महिने मोडत होती आणि त्याचे परिणाम दिवसाच्या कामावर दिसत होते. वेदनाशामक गोळ्यांनी या विकारात फारसे साधत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले.

खरी निवड रात्रीचा पट्टा, बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांमध्ये होती. इंजेक्शन आणि पट्टा यांची थेट तुलना करणारी २३४ रुग्णांची एक ब्रिटिश चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांची लक्षणे पट्टा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली होती. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. शस्त्रक्रियेबाबत नेदरलँड्समधील १७६ रुग्णांची २००२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बोलकी आहे. तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८० टक्के आणि पट्टा वापरणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांना उपचार यशस्वी वाटला. अठरा महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ७५ टक्के होते, पण तोपर्यंत पट्ट्याच्या गटातील अनेकांनीही शस्त्रक्रिया करून घेतली होती.

हे आकडे रुग्णापुढे जसेच्या तसे ठेवले. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘आत्ता शस्त्रक्रिया केली नाही, तर नंतर हात वाचेल का?’ या प्रश्नावरच पहिला निर्णय अवलंबून होता. अंगठ्याचे स्नायू शाबूत असताना आणि बधिरपणा येऊन-जाऊन असताना काही आठवडे पट्टा वापरून पाहिल्याने हाताचे कायमचे नुकसान होण्याची शक्यता कमी असते. स्नायू झिजू लागले असतील किंवा बोटे चोवीस तास बधिर असतील, तर मात्र पट्ट्यावर वेळ घालवणे योग्य नसते. आमच्या रुग्ण पहिल्या गटात मोडत होत्या. इंजेक्शनची त्यांना धास्ती होती आणि हातात घेतलेले काम पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रियेसाठी हात बाजूला ठेवणे त्यांना शक्य नव्हते. पट्टा निवडला गेला, पण अटींसह: सहा आठवड्यांनी फेरतपासणी, त्याआधी बधिरपणा दिवसभर टिकू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याचा उंचवटा खोलगट वाटू लागला, तर ताबडतोब परत यायचे. या अटी लिहून दिल्या होत्या. तोंडी सूचना घरी पोहोचेपर्यंत निम्म्या होतात, हा अनुभव नित्याचा आहे.

पहिला प्रयत्न आणि त्यातील अडचण

रुग्णांनी तयार मिळणारा, तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असलेला मनगटपट्टा घेतला आणि त्याच रात्रीपासून वापरायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी त्या निराश होऊन परत आल्या. रात्रीची जाग कमी झालेली नव्हती. काही रात्री तर पूर्ण हात जड होऊन जाग येई. सकाळी मनगटावर बंदाचे खोल वळ दिसत आणि पुष्कळदा पट्टा अंथरुणाबाहेर पडलेला सापडे. ‘पट्ट्याने होत नाही, आता इंजेक्शनच द्या,’ असे त्या म्हणाल्या.

हा या प्रकरणातला दुसरा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक टप्पा होता. पट्टा अयशस्वी ठरला अशी नोंद करून पुढच्या उपचाराकडे जाणे सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांना पट्टा नेहमी बांधतात तसा समोर बांधायला सांगितला आणि मग तीन गोष्टी लगेच दिसल्या.

आतली धातूची पट्टी मुळातच वाकवलेली होती, त्यामुळे मनगट सुमारे तीस अंश मागे वळून राहत होते. तयार पट्ट्यांपैकी पुष्कळ पट्टे असेच येतात, कारण मनगट थोडे मागे झुकलेले असताना मुठीची पकड चांगली बसते आणि दिवसा काम करताना ते सोयीचे पडते. बोगद्यातल्या दाबाच्या दृष्टीने मात्र हीच स्थिती गैरसोयीची असते. हाताचे शल्यचिकित्सक रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बोगद्यात सूक्ष्म नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजला होता. कार्पल टनल सिंड्रोमच्या रुग्णांत मनगट सरळ असताना सरासरी दाब ३२ मिलिमीटर पारा होता. मनगट पूर्ण पुढे वाकवल्यावर तो ९४ आणि पूर्ण मागे वळवल्यावर ११० झाला. निरोगी व्यक्तींत सरळ स्थितीत हाच दाब अवघा २.५ होता. तीस अंश म्हणजे पूर्ण मागे वळवणे नव्हे, पण आधीच दाबाखाली असलेल्या चेतेला रात्रभर त्या दिशेने ढकलण्यात काही लाभ नाही. सरळ आणि २० अंश मागे झुकलेल्या पट्ट्यांची तुलना करणाऱ्या १९९४ च्या एका अभ्यासातही सरळ पट्ट्याने लक्षणे अधिक कमी झाली होती.

मनगटाच्या घडीवरून जाणारा बंद त्यांनी सर्वांत जास्त आवळला होता, ‘घट्ट बांधले तर आधार चांगला मिळेल’ या समजुतीने. तो बंद नेमका बोगद्याच्या तोंडावर दाब देत होता. शिवाय पट्ट्याची पुढची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या आडव्या रेघेच्याही पुढे जात होती, त्यामुळे बोटे अर्धवट वाकलेल्या अवस्थेत अडकत आणि झोपेत पट्टा ओढून काढण्याची इच्छा होत असावी.

केलेली दुरुस्ती

धातूची पट्टी खिशातून बाहेर काढून हळूहळू दाबत सरळ केली, पुन्हा बसवली आणि पट्टा हातावर असतानाच कोनमापकाने मनगट तपासले. पट्टी टेबलावर सपाट दिसली तरी हातावर मनगट सरळ असेलच असे नाही, कारण तळहाताचा मांसल भाग पट्टीचा पुढचा भाग वर उचलतो; म्हणून मोजमाप हातावरच घ्यावे लागते. मनगटावरचा बंद सैल करून त्याखाली एक बोट सहज सरकेल इतकीच घट्टता ठेवली आणि आधाराचे काम कोपराकडच्या बंदाकडे दिले. मोठ्या मापाच्या जागी लहान मापाचा पट्टा घेतला, ज्यातून सर्व बोटे मुळापासून वाकत होती आणि अंगठा करंगळीपर्यंत पोहोचत होता.

पट्टा झोपेत निघून येण्याच्या अडचणीवर वेगळा विचार करावा लागला. झोपताना एकदम बांधण्याऐवजी संध्याकाळी बसल्या बसल्या तास-दोन तास बांधून हाताला त्याची सवय लावायची असे ठरले. घामाने खाज सुटत होती, म्हणून आत पातळ सुती बाही घातली. उजवा हात उशीखाली दुमडून झोपण्याची त्यांची जुनी सवय होती. ती मोडण्यासाठी त्या कुशीवर छातीशी दुसरी उशी घेऊन हात तिच्यावर ठेवू लागल्या. ज्यांना झोपेत मुठी आवळण्याची सवय असते, त्यांच्या बाबतीत बोटांच्या मुळाशी असलेले छोटे स्नायू बोगद्यात ओढले जाऊन दाब वाढू शकतो आणि पट्टा बोटांपर्यंत लांबवण्याचा विचार करावा लागतो. या रुग्णाला तशी गरज भासली नाही.

दोन्ही हातांना एकाच वेळी पट्टे बांधावेत का, यावर बरीच चर्चा झाली. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही वावगे नव्हते. परंतु रुग्णांना दोन्ही हात बांधून घेतल्यासारखे वाटे, रात्री पांघरूण ओढणे किंवा दाराची कडी काढणेही अवघड जाई, आणि अशा स्थितीत दोन्ही पट्टे काढून ठेवले जाण्याची शक्यता अधिक होती. जो उपचार रात्रभर टिकत नाही त्याचा कोन कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. म्हणून आधी फक्त उजवा हात, आणि त्याची सवय झाल्यावर डावा, असे ठरवले.

दिवसा कापड बेतताना पट्टा बांधू नये, असे सांगितले. मनगट अडकवून कात्री चालवली की हात पट्ट्याशी झगडतो आणि खांदा-कोपर अनावश्यक ताण घेतात. त्याऐवजी कात्रीला धार लावून घेणे, बेतण्याचे काम सलग न करता मध्ये शिवणकामाकडे वळणे आणि टेबलाची उंची वाढवून मनगट वाकणार नाही असे पाहणे, हे बदल केले.

नोंद ठेवण्यासाठी साधी पद्धत ठरवली: रोज सकाळी दोनच गोष्टी लिहायच्या, रात्री हातामुळे जाग आली का आणि उठताना पट्टा हातावर होता का. या दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याच्या उत्तराला अर्थ राहत नाही. त्याबरोबर दर भेटीत १९९३ मध्ये विकसित झालेली बोस्टन प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात लक्षणांविषयीचे अकरा आणि रोजच्या कामांविषयीचे आठ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण देतात; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा आठवड्यांची मुदत दुरुस्त पट्ट्याच्या पहिल्या रात्रीपासून नव्याने मोजली.

परिणाम

दुरुस्तीनंतर पहिल्याच आठवड्यात रात्रीची जाग कमी होऊ लागली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पट्टा बहुतेक सकाळी हातावरच सापडू लागला आणि त्याच सुमारास सलग झोप लागू लागली. सहाव्या आठवड्याला उजव्या हाताची जाग क्वचितच येत होती आणि प्रश्नावलीतील लक्षणांचे गुणही बरेच उतरले होते. डाव्या हाताला पट्टा सुरू करून थोडेच दिवस झाले होते, तरी त्याच्या मुंग्या जवळजवळ थांबल्या होत्या. दिवसा कात्री धरताना उजव्या मधल्या बोटाच्या टोकाला येणारा बधिरपणा मात्र पूर्णपणे गेला नव्हता. रात्रीच्या पट्ट्याकडून तशी अपेक्षाही ठेवता येत नाही. रात्री विसावलेली चेता दिवसभर पुन्हा त्याच कामाला तोंड देत असते.

तीन महिन्यांनंतर बरे वाटते म्हणून रुग्णांनी दोन्ही पट्टे बंद केले. डावा हात शांत राहिला. उजव्या हाताच्या मुंग्या काही आठवड्यांत परतल्या. या तिसऱ्या निर्णयाच्या वेळी पट्टा पुन्हा सुरू केला आणि आता रुग्णांनी स्वतःहून इंजेक्शनचा विषय काढला. अंगठ्याची ताकद तेव्हाही उत्तम असल्याने घाई नव्हती. उजव्या हाताला इंजेक्शन दिले आणि काही दिवसांतच आराम पडला. तो काही महिने टिकला.

वर्ष संपत आले तेव्हा उजव्या तर्जनी आणि मधल्या बोटाचा बधिरपणा सकाळी उठल्यावर दुपारपर्यंत रेंगाळू लागला. फेरतपासणीत स्नायूपर्यंतचा संदेश आधीपेक्षा अधिक मंदावलेला आढळला. अंगठ्याच्या उंचवट्यावर अद्याप काही परिणाम दिसत नव्हता, परंतु तो दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, कारण झिजलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही. उजव्या मनगटातील आडवा स्नायुबंध शस्त्रक्रियेने मोकळा करण्यात आला. रात्रीच्या मुंग्या लगेच थांबल्या. तळहाताच्या मुळाशी दाबले की दुखणे पुढे बरेच आठवडे राहिले आणि जाड कापड कापण्याइतकी पकड यायला काही महिने लागले.

काय वेगळे करता आले असते

पट्टा देण्याच्या पहिल्याच दिवशी तो हातावर बांधून कोन आणि बंद तपासले असते, तर निष्फळ गेलेले दोन आठवडे वाचले असते. रुग्णाने पट्टा स्वतः विकत आणायचा असेल, तर वापर सुरू करण्यापूर्वी तो घेऊन एकदा यावे, ही अट आता आमच्या कामाचा भाग झाली आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांना आरशासमोर बाजूने पाहायला सांगता येते: कोपर ते मनगट या भागाची वरची रेषा आणि हाताच्या पाठीची रेषा एकाच सरळ रेषेत दिसली पाहिजे.

अंगठ्याची ताकद पहिल्या भेटीत हाताने तपासली गेली, पण चिमटीची ताकद यंत्रावर मोजून आकड्यात नोंदवली असती आणि दोन्ही हातांचा एकत्र फोटो काढून ठेवला असता, तर वर्षभरानंतरची तुलना अधिक भक्कम झाली असती. पुनरावृत्ती झाली तेव्हा इंजेक्शनबरोबरच शस्त्रक्रियेची वेळ कोणत्या लक्षणांवर ठरवायची हेही आधीच बोलून ठेवता आले असते. ते बोलणे बधिरपणा रेंगाळू लागल्यावर झाले. पट्टा एकदम बंद करण्याऐवजी एकाआड एक रात्र वापरून पाहावा आणि कामाचा ताण वाढला की पुन्हा रोजचा करावा, असा मार्गही मांडण्यासारखा होता. उजव्या हाताची अखेर त्यामुळे बदलली असती असे मला वाटत नाही, कारण सुरुवातीच्या चाचणीतच त्या हाताचा स्नायूकडे जाणारा संदेश मंदावलेला होता. मात्र पट्ट्यामुळे त्यांना मिळालेला काळ मोलाचा होता: हाती घेतलेले काम त्या पूर्ण करू शकल्या आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झोपेविना थकलेल्या अवस्थेत घ्यावा लागला नाही.

डाव्या हाताला आजवर पट्ट्याखेरीज काही लागलेले नाही. सलग काम वाढले की त्या काही रात्री तो बांधतात. दर सहा महिन्यांनी आम्ही डाव्या अंगठ्याची ताकद आणि त्याच्या मुळाशी असलेला उंचवटा तपासतो, आणि पट्टा बांधूनही सकाळचा बधिरपणा टिकू लागला तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट पुन्हा करायची, एवढे त्यांच्याशी ठरलेले आहे.